निफाडची वीण कुठून आणू?

नाशिकहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय अठ्ठेचाळीस. बालपण निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात, द्राक्षबागेला लागून असलेल्या घरात गेलं. विणकाम शिकल्या आत्याकडून, नवव्या-दहाव्या वर्षी. बरीच वर्षं घरातल्या बाळंतविड्यांपुरतं विणत होत्या. पुढे इंग्रजी नमुने वाचायला शिकल्या आणि शेटलंडच्या (स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांच्या) शाली, एस्टोनियाची जाळीची शाल, आयर्लंडकडचा पिळाचा स्वेटर असं एकेक करत गेल्या. वाचनाचीही तितकीच ओढ. आठवड्यातून एकदा सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) पुस्तक बदलायला जाणं चुकत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी ठरवलं की आता दुसऱ्याचा नमुना नको, स्वतःचं काहीतरी रचायचं, आपल्या मातीचं. म्हणून वारली नाचाची नक्षी असलेलं स्टोल विणलं. माणसं बुटकी आणि बसकी दिसायला लागली. मैत्रीण म्हणाली, "छान आहे, पण यात तू कुठे आहेस?" भाऊ म्हणतो, पैठणीचा मोर घे, लोक विकत घेतील. ताई लिहितात, "शेटलंडच्या बाईकडे लाटा आहेत, एस्टोनियाच्या बाईकडे रानफुलं आहेत. माझ्याकडे काय आहे? आपल्याकडे विणकामाची परंपराच नाही. आत्या आयुष्यभर विणायची, पण ते सगळं साधंच. त्यात डिझाइन असं काही नव्हतं. (ती डिसेंबरात पहाटे बागेत शेकोट्या पेटायच्या तेव्हा धुरातून चहाची किटली घेऊन यायची, तेवढं मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.)" आणि शेवटी विचारतात: संध्याकाळचे दोन तास मिळतात, त्यात पुस्तक आणि सुया दोन्ही होत नाहीत. रचना शिकायची तर वाचन सोडावं का?

ताई,

आधी त्या बुटक्या माणसांचं बघू, कारण त्यांचा इलाज सोपा आहे. तुम्ही नक्षी चौकटीच्या वहीत काढली असणार. वहीतली चौकट चौरस असते. सुलट विणीतला टाका मात्र रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. मध्यम जाडीच्या लोकरीत दहा सेंटीमीटरच्या चौकोनात साधारण २२ टाके आणि ३० ओळी बसतात. म्हणजे कागदावर ३० चौकटी रुंद आणि ३० चौकटी उंच काढलेला माणूस विणून झाला की साडेतेरा सेंटीमीटर रुंद आणि जेमतेम दहा सेंटीमीटर उंच होतो. त्याला बसका दिसण्यावाचून इलाज नाही. पुढच्या वेळी आधी एक चांगला मोठा चौकोन विणा, धुवा, वाळवा, आणि कडा सोडून मधले दहा सेंटीमीटर मोजा. कडेचे टाके नेहमी ताणलेले नाहीतर ढिले असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. मग त्या मापाच्या रुंद चौकटी कागदावर आखा आणि त्यात चित्र काढा. ठिपक्यांची रांगोळी विणायला घेणाऱ्या बऱ्याच जणींची इथेच फसगत होते, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

पण माणसं उंच झाली असती तर तुमचं मन भरलं असतं का? मला तसं वाटत नाही. मैत्रिणीचा प्रश्न उंचीचा नव्हता.

वारली चित्र तुम्हाला आवडतं यात गैर काहीच नाही. पण त्याचं मूळ असलेला चौक, म्हणजे चौकोनी भिंतीचित्र, वारली घरातल्या सवाशिणी लग्नासाठी काढत आल्या आहेत, गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठानं. मधोमध पालघट देवी असते. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलाकारांनी ते कागदावर आणलं आणि ते जगभर गेलं, तरी तो कोणाच्या तरी घरचा लग्नाचा चौक आहेच. तुम्ही वाढलात द्राक्षाच्या मांडवाखाली. तुम्हाला 'आपल्या मातीचं' काहीतरी हवं होतं आणि हाताशी आलं ते महाराष्ट्राचं म्हणून सगळीकडे छापलेलं चित्र. भावाचा पैठणीचा मोरही त्याच वाटेवरचा. येवला तुमच्या शेजारच्याच तालुक्यात आहे हे खरं, पण मोर विणकराच्या मागावर ज्या कारणानं आणि ज्या कसबानं उतरतो त्यातलं तुमच्या सुयांवर काहीच येत नाही, फक्त आकार येतो.

मला वाटतं, खरी अडचण एका समजुतीत आहे. विणकामात गाव येतं ते चित्र होऊन येतं, असं तुम्ही धरून चालला आहात. शेटलंडच्या बाईकडे लाटा आहेत, म्हणून तिची शाल शेटलंडची. मी जे वाचलंय, हाताळलंय, त्यावरून मला हे उलटं दिसतं.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे कोळी जो स्वेटर घालायचे त्याला गॅन्झी म्हणतात. गडद निळी, पाच पदरी, घट्ट पिळाची लोकर, आणि बारीक सुयांवर इतकी दाट वीण की वारा आत शिरत नाही. पुढची आणि मागची बाजू एकसारखी, त्यामुळे अंधारात कसाही चढवला तरी चालतो. बाहीचे टाके खांद्यापाशी उचलायचे आणि खाली मनगटाकडे विणत यायचं, कारण आधी झिजते ती मनगटाची कड, आणि तेवढीच उसवून पुन्हा विणता आली पाहिजे. नक्षी बहुतेक वेळा छातीच्या वर, खालचा भाग साधा, म्हणजे दुरुस्तीला सोपा. आणि माझ्या मनात कायमची बसलेली गोष्ट अशी की त्याची बाही मनगटाच्या थोडी वरच थांबते. खाऱ्या पाण्यात भिजलेली कड दिवसभर मनगटावर घासली तर कातडी सोलवटते. जाळी ओढणाऱ्या माणसाचं मनगट कुणीतरी नीट पाहिलं होतं, जवळून, आणि तिथे बाही थांबवली. त्या स्वेटरवर दोरखंड असतात, शिड्या असतात, नांगर असतात. ती सगळी नक्षी पुसून टाका, तो स्वेटर समुद्राचाच राहतो.

शेटलंडचंही तेच. तिथल्या मेंढीच्या मानेवरची सगळ्यात मऊ लोकर कातरायची नाही, हातानं उपटून काढायची, त्याचं केसासारखं सूत कातायचं, आणि मग अनस्ट बेटावरच्या बायका अंगठीतून आरपार जाईल अशी शाल विणायच्या. विणीला लाटेचं नाव नंतर मिळालं असेल, आधी मिळालं असेल, कोण जाणे. पण ती शाल त्या मेंढीच्या मानेवाचून झाली नसती.

आता परंपरेबद्दल. "आपल्याकडे परंपराच नाही" हे वाक्य मला अनेक जणींच्या पत्रांत भेटतं. लोकर आपल्याला परकी नाही, हे आधी लक्षात घ्या. दख्खनी मेंढीच्या काळ्या, राठ लोकरीची घोंगडी खड्डामागावर विणायची, तिला चिंचोक्याची खळ द्यायची, हे ज्ञान इथलंच आहे आणि जुनं आहे. नवीन आहेत त्या सुया. सुयांवरचं विणकाम आपल्याकडे युरोपीय बायका आणि मिशनच्या शाळा यांच्यामार्फत एकोणिसाव्या शतकात रुजलं. पण नवीन म्हणजे उसनं, हे कशावरून? १९६२ साली चीनच्या युद्धात देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, तेव्हा ती कला कोणाची होती?

आणि ज्यांना आपण पुरातन समजतो त्यांचं वय तपासलं तर आश्चर्य वाटतं. आइसलंडचा तो गोल खांद्यांच्या नक्षीचा स्वेटर, जो आज त्या देशाची ओळख आहे, विसाव्या शतकाच्या मध्यावर घडला. तुम्ही विणलात तो पिळाचा स्वेटर, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या ॲरन बेटांवरचा, त्याच शतकाच्या सुरुवातीचा. त्याच्याबद्दल सांगितली जाणारी गोष्ट तुम्हीही ऐकली असेल: प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, आणि बुडालेल्या कोळ्याचं प्रेत सापडलं की विणीवरून घराणं ओळखायचे. या गोष्टीला आधार नाही. तिचं मूळ बहुधा एका नाटकात आहे. आयरिश नाटककार जे. एम. सिंग यांचं 'रायडर्स टू द सी' १९०४ साली रंगमंचावर आलं. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या तशाच एका बेटावरच्या घरात दोन बहिणींकडे एका बुडालेल्या माणसाचे कपडे येतात. तो आपला भाऊ आहे का, हे त्यांना ठरवायचंय. त्यात स्वेटर नाहीच, एक मोजा आहे. धाकटी बहीण टाके मोजते. साठ टाके घातले होते आणि त्यातले चार सोडले होते, हे तिला आठवतं, कारण तो मोजा तिनंच विणला होता. मोजणी जुळते.

ताई, या प्रसंगापाशी मी पुन्हा पुन्हा जाते. भाऊ ओळखला गेला तो घराण्याच्या नक्षीवरून नाही, बहिणीच्या हातच्या मोजणीवरून. तो साधा मोजा होता, तुमच्या आत्याच्या विणकामासारखा साधा.

म्हणून आत्याबद्दलचं तुमचं वाक्य मला मान्य नाही. "त्यात डिझाइन असं काही नव्हतं." माझ्या आईची एक वही आहे, दोनशे पानी, शाळेची, पुठ्ठा निखळलेला. महिला मासिकांत छापून येणारे नमुने तिनं त्यात उतरून घेतले आहेत, स्वतःच्या खुणांत: 'सु' म्हणजे सुलट, 'उ' म्हणजे उलट, 'जा' म्हणजे जाळी, 'दोए' म्हणजे दोन टाके एकत्र. मी लहानपणापासून ती वही नमुन्यांची वही म्हणून पाहत आले. आई गेल्यावर नीट वाचली तेव्हा लक्षात आलं की खरा मजकूर समासात आहे. "धाकट्या वन्संच्या बाळाला गळा घट्ट झाला. पुढच्या वेळी ४ टाके जास्त." "ही लोकर धुतल्यावर लांबते. बाही एक बोट कमी." आणि एका पानावर नमुन्याशी काहीच संबंध नसलेल्या दोन ओळी: "डोक्यातून घालताना रडतो. खांद्यावर बटणं करावी." त्याच्या पुढच्या पानापासून तिच्या सगळ्या झबल्या-स्वेटरांच्या डाव्या खांद्यावर दोन बटणं आहेत. याला रचना म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? आईला कोणी डिझायनर म्हटलं असतं तर ती लाजून आत गेली असती, पण एक मूल रडलं म्हणून तिनं खांदा उघडला, आणि पुढची वीस बाळं रडली नाहीत.

तुमच्या आत्याची वही नसेल कदाचित. स्वेटर एखादा असेलच, माहेरच्या ट्रंकेत, भावाच्या कपाटात. तो आणा आणि दिवसाउजेडी पलंगावर उलटा करून पसरा. विणकामाची आतली बाजू काही लपवत नाही. नवीन गुंडा कुठे जोडलाय, कडेला की मध्येच? मध्ये जोडला असेल तर लोकर तोकडी होती, वाया घालवायची नव्हती. कोपरापाशी वीण दाट आहे का? मनगटाच्या कडेचा रंग बाकीच्या बाहीपेक्षा किंचित वेगळा वाटतो का? असेल तर ती कड उसवून पुन्हा विणलेली आहे. मागचा भाग पुढच्यापेक्षा दोन-तीन बोटं लांब आहे का? वाकून काम करणाऱ्याची कंबर उघडी पडू नये म्हणून जाणत्या बायका तसं करतात. किनारीचे टाके मोजा, काखेत किती टाके कुठे कमी केलेत ते लिहून काढा. एक संध्याकाळ जाईल. त्या संध्याकाळी सुया हातात घेऊ नका.

इथेच तुमच्या वाचनाचा प्रश्न येतो, आणि माझं उत्तर सरळ आहे: वाचन सोडू नका. तुम्ही वाचन आणि विणकाम एका तराजूत दोन पारड्यांत घातलंय, पण विणकाम हेच एक वाचन आहे हे तुम्ही रोज अनुभवता. तक्त्यावरचा नमुना आपण खालून वर वाचतो, सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे, वळलं की डावीकडून उजवीकडे. शेतात औत तास धरून जातं, बांधापाशी वळतं आणि परत येतं, तसं. सुईवरचा टाका बघून तो सुलट की उलट, कुठे निसटला, कितव्या ओळीत चुकला हे तुम्हाला कागदाशिवाय कळतं. ज्याला हे वाचता येतं त्याला रचना येते. राहिलेलं गणित आहे, आणि ते पाचवी-सहावीच्या पुढचं नाही.

आणि पुस्तकांनी तुम्हाला काय दिलंय ते तुमच्या पत्रातच दिसतं. तुम्ही थंडी कडाक्याची होती असं लिहिलं नाहीत. शेकोट्या, धूर आणि किटली घेऊन येणारी आत्या, एवढंच लिहिलंत. वर्षानुवर्षं चांगलं वाचणाऱ्या माणसालाच हे सुचतं. फक्त तुम्ही ते वाक्य कंसात टाकलंत, जणू ते मुद्द्याचं नव्हतं. माझ्या मते तुमच्या पत्रात निफाड आलं ते त्या कंसातच. बाकी पत्रभर तुम्ही शेटलंड आणि एस्टोनियाबद्दल लिहिलंय.

व्यवहाराचं म्हणाल तर दोन तासांची वाटणी अशी करून बघा. साधी सुलट वीण, जी बोटं आपोआप करतात, ती पुस्तक स्टँडवर ठेवून किंवा कोणाकडून वाचून घेताना करा. जाळी आणि नवीन रचना यांना मात्र अख्खी, एकटी संध्याकाळ द्या. आणि वाचताना एक छोटी वही जवळ ठेवा. पुस्तकातल्या माणसांच्या हातात काय आहे, अंगावर काय आहे, ते कशानं भिजतात, कशानं भाजतात, एवढंच टिपा. निसर्गवर्णनं टिपू नका. महिनाभरानं ती टिपणं बघा. तुमचं लक्ष कुठे जातं ते तुम्हालाच कळेल.

आता त्या कंसाकडे वळते, कारण मला त्यात एक अख्खी रचना दिसते आहे.

निफाडची थंडी म्हणजे नुसतं वर्णन नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या आपण जवळजवळ दर हिवाळ्यात वाचतो. कधी तो पाच अंशांच्याही खाली जातो. द्राक्षाचा मणी तडकू नये म्हणून बागेत पहाटे शेकोट्या पेटवतात, विहिरीचं पाणी सोडतात, कारण ते त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पण त्याच दिवसांत ऑक्टोबर छाटणीनंतरची विरळणी चालते. बायका साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून, डोक्याला रुमाल गुंडाळून मांडवाखाली हात वर करून उभ्या असतात, हातात छोटी कात्री, आणि घडातले जादा मणी एकेक करून काढतात. पानांवरचं दंव थेट मनगटातून बाहीत उतरतं. बोटं उघडी हवीत, कारण कात्री धरायची आहे. मनगट झाकलेलं हवं.

तुम्ही त्यांच्यासाठी कधी काही विणलंय का, ताई?

मी तुमच्या जागी असते तर स्टोल बाजूला ठेवून बोटं उघडी असलेली मनगटी विणायला घेतली असती. आणि बघा, तिथे प्रत्येक निर्णय गावच घेतं. जाळीची वीण चालणार नाही, कारण काडीला आणि तारेला अडकून धागा ओढला जाईल. म्हणजे दाट, घट्ट वीण, गॅन्झीच्या जवळची. कड आवळून बसली पाहिजे, म्हणजे दोन सुलट दोन उलट. समजा मनगट १६ सेंटीमीटर आहे आणि तुमच्या हाताला दहा सेंटीमीटरमध्ये २२ टाके बसतात. हिशोबानं ३५ होतात, पण आवळपणासाठी थोडे कमी आणि चारच्या पटीत हवेत, म्हणून ३२ घाला. चार सुयांवर गोल विणा, म्हणजे शिवण येणार नाही आणि टोचणार नाही. लांबी शर्टाच्या बाहीच्या आत चार बोटं जाईल इतकी, नाहीतर हात वर केला की मधलं कातडं उघडं पडेल. अंगठ्यासाठी फट किती ठेवायची ते कात्री हातात धरायला लावूनच ठरवा. नुसत्या हाताचं माप घेतलंत तर चुकेल.

आणि लोकर. इथे आपल्याकडच्या सगळ्या विणणाऱ्यांनी कान द्यावा असं वाटतं. दुकानात आपण ज्याला लोकर म्हणतो ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. घरात, बाळाच्या टोपीसाठी, धुण्या-वाळवण्याच्या सोयीसाठी लोक ते घेतात, ठीक आहे. पण शेकोटीपाशी हात शेकणाऱ्या बाईच्या मनगटावर ॲक्रिलिक नको. ते पेट घेतं, वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. खरी लोकर सहजासहजी पेटत नाही, आणि स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, म्हणजे दंवालाही तीच बरी. खात्री करायची तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवून बघा. जळक्या केसांचा वास आला आणि चुरगळणारी राख झाली तर लोकर. वितळून कडक गोळी झाली तर ॲक्रिलिक. खरी लोकर महाग पडते हे मला माहीत आहे. एका जोडीला फार लागत नाही. दख्खनी लोकर मात्र इथे वापरू नका, कितीही आपली वाटली तरी. उघड्या कातडीला ती बोचते. तिचं आसन विणा, पिशवी विणा, तिथे ती वर्षानुवर्षं टिकेल.

नक्षी हवीच असेल तर हाताच्या पाठीवर जागा आहे. घडाचं चित्र नको. बागेत उभं राहून ओलांड्याकडे बघा: एक आडवा दांडा, त्यावर ठरावीक अंतरानं निघालेल्या काड्या, आणि प्रत्येक काडीवर मोजून राखलेले डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा. छाटणी करणारा माणूस डोळे मोजतो, तुम्ही टाके मोजता. एका उभ्या पिळाच्या रेघेवर किती ओळींनी खूण यावी हे त्या बागेच्या छाटणीवरून ठरवा, वडिलांच्या नाहीतर भावाच्या बागेत किती डोळ्यांवर छाटतात ते विचारून. घालणाऱ्या बाईला कदाचित ते सांगावंही लागणार नाही. एस्टोनियाच्या शालीत तुम्ही एका टाक्यातून सात फासे काढून पुढच्या ओळीत एकत्र करायला शिकलात, तो फुगीर मणी द्राक्षासारखाच दिसतो आणि तुम्हाला मोह होईल. मनगटीवर तो तारेला अडकेल. पुढे शाल कराल तेव्हासाठी राखून ठेवा, आणि तेव्हा निःसंकोच वापरा. टाके कोणाच्या मालकीचे नसतात. एका गावाची युक्ती दुसऱ्या गावाला गेली म्हणूनच विणकाम एवढं वाढलं. कुठून शिकलात तेवढं नमुन्याखाली लिहा.

विक्रीबद्दल थोडक्यात. भावाचा हेतू चांगला आहे, पण पहिला नमुना विकण्यासाठी रचू नका. नमुना लिहून काढा, तुमच्या दोन-तीन विणणाऱ्या मैत्रिणींना तोंडी काहीही न सांगता नुसत्या कागदावरून विणायला द्या, आणि त्या कुठे अडतात ते टिपा. त्या अडल्या तिथे नमुन्यात दुरुस्ती करायची. आणि तो आधी मराठीत लिहा. इंग्रजी नमुने वाचून वाचून आपल्याला वाटायला लागतं की विणकामाची भाषाच इंग्रजी आहे. सुलट, उलट, जाळी, पीळ, टाके उचलणं, टाके बंद करणं, सगळं आपल्याकडे आहे, आणि ओलांडा, काडी, डोळा हे शब्द तर आपल्या बागेतलेच आहेत. इंग्रजी भाषांतर नंतर होईल.

त्या स्टोलचं काय करायचं हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. उसवू नका. धुऊन ठेवा, वापरा. त्यातून चौकटीचं गणित कळलंच आहे, आणि मैत्रिणीनं तो प्रश्न विचारला तोही त्यामुळेच.

दिवाळीनंतर विरळणीला बायका येतील, तेव्हा एकदा माहेरी पहाटेच जाऊन या. टेप बरोबर न्या. पहिली जोडी कोणाला द्यायची ते तिथेच ठरवा आणि माप तिच्याच मनगटाचं घ्या, तिच्या हातात कात्री असताना.